विरघळणारा स्क्रू जातो कुठे? इम्प्लांट आणि आपल्या प्रतिकारपेशी

बेळगावच्या आसपास, खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत, कुस्ती आणि कबड्डी खेळणारी पोरं अजून गावोगाव आहेत. डाव टाकताना पाय अडकतो, गुडघ्यातून आवाज येतो, काही दिवसांनी एमआरआय निघतो आणि रिपोर्टात लिगामेंट तुटल्याचं लिहिलेलं असतं. मग कुणी बेळगावातच दाखवतं, कुणी मिरज-कोल्हापूर गाठतं. ऑपरेशन ठरलं की डॉक्टर सांगतात, नवीन लिगामेंट हाडात पक्कं बसवायला स्क्रू लागेल. टायटॅनियमचा बसवू किंवा विरघळणारा. दुसरा पर्याय ऐकून घरच्यांना दिलासा वाटतो आणि लगेच धास्तीही. हाडातला स्क्रू विरघळतो म्हणजे काय होतं? विरघळून जातो कुठे? मध्येच सैल झाला तर? संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, ओपीडीत गर्दी, त्यामुळे सही होते आणि प्रश्न तसेच राहतात.

स्क्रू कशाचा आहे एवढं कळून यांचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं आपल्या रक्तात आहे. शरीरात ठेवलेल्या अशा वस्तूचं, म्हणजे इम्प्लांटचं, पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरवतात. अनेक वर्षं या पेशींना इम्प्लांटचे शत्रू मानलं जायचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते मत पार बदललं आहे. हा बदल रुग्णाच्या घरच्यांनाही कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

## ओळखीची वस्तू: टाके

विरघळणारी इम्प्लांट काही नवीन नाहीत. सिझेरियन किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आतून घातलेले टाके काढावे लागत नाहीत, हे घरोघरी माहीत आहे. पूर्वी हे टाके मेंढी किंवा गाय-बैलाच्या आतड्यापासून केलेल्या कॅटगट धाग्याचे असत. काही ठिकाणी अजूनही वापरतात. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा कृत्रिम धागा आला. आज सर्रास वापरला जाणारा व्हिक्रिल त्याच कुळातला. त्याची निम्मी ताकद तीन आठवड्यांत जाते आणि धागा ५६ ते ७० दिवसांत पूर्ण नाहीसा होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: ताकद आधी जाते, वस्तू नंतर. पुढचा सगळा गुंता या दोन तारखांमधल्या अंतरातून निर्माण होतो.

स्क्रूसाठी बहुतेक वेळा पॉलिलॅक्टिक ॲसिड वापरतात. ते फार सावकाश जातं, दोन ते पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त. याच पदार्थांची स्पंजसारखी सच्छिद्र जाळी करून तिच्यावर हाड, त्वचा किंवा रक्तवाहिनी पुन्हा वाढवायची, या शास्त्राला टिश्यू इंजिनिअरिंग म्हणतात. त्या जाळीला मी यापुढे नुसतं ‘साचा’ म्हणेन.

## काटा मोडला की काय होतं

शेतात बाभळीचा काटा पायात मोडून राहिला तर आधी ती जागा लाल होते, ठणकते, गरम लागते. काटा निघाला नाही तर एक तर पू होऊन बाहेर येतो, नाही तर महिन्याभराने तिथे टणक गाठ हाताला लागते. इम्प्लांटभोवती जे घडतं ते हेच, फक्त जंतूंशिवाय.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं इल्या मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिरत्या पेशींनी काट्याला सगळीकडून घेरलेलं होतं. या शोधापासून सुरू झालेल्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. आज आपण ज्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतो, म्हणजे परकी वस्तू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, त्यांची ओळख इथून झाली.

इम्प्लांट आत बसल्यावरचा क्रम साधारण असा. काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. त्यामुळे पेशींना खरं प्लास्टिक किंवा धातू कधी भेटतच नाही. त्यांना भेटतो तो या प्रथिनांचा थर. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, जंतू असतील तर मारतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. त्यांच्यामागून रक्तातून मॅक्रोफेज येतात आणि ते मात्र मुक्काम ठोकतात. साधारण १० मायक्रॉनपेक्षा लहान कण (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकटा मॅक्रोफेज गिळून टाकतो. वस्तू मोठी असली तर अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एक प्रचंड पेशी तयार करतात आणि ती पृष्ठभागाला चिकटून आम्ल व विकरं सोडत राहते. त्यानेही काम भागलं नाही तर शरीर शेवटचा उपाय करतं: वस्तूभोवती तंतूंचं जाड कवच बांधून ती उरलेल्या शरीरापासून तोडून टाकतं. काट्याभोवतीची गाठ ती हीच.

## सेंटरिंग कधी काढायचं

स्लॅब टाकताना आधी सेंटरिंग होतं. प्लेटा, टेकू, त्यावर सळ्या, मग काँक्रीट. काँक्रीट पकडायच्या आत टेकू काढले तर स्लॅब खाली येतो. सेंटरिंग वर्षभर तसंच ठेवलं तर घरात राहायला जागा नाही. विरघळणाऱ्या साच्याचं हेच आहे: नवीन ऊती भार घेण्याइतकी तयार होईपर्यंत तो टिकला पाहिजे आणि मग जागा सोडून गेला पाहिजे.

फरक एवढाच की बांधकामावर सेंटरिंग काढणारी टोळी वेगळी आणि गवंडी वेगळे. शरीरात मॅक्रोफेज दोन्ही बाजू सांभाळतात. सुरुवातीच्या दिवसांत ते मोडणाऱ्याच्या भूमिकेत असतात: मेलेल्या पेशी साफ करतात, जंतूंवर तुटून पडतात, सूज वाढवणारे संदेश सोडतात. पुढे तेच मॅक्रोफेज, किंवा त्यांच्या जागी आलेले नवे, बांधणाऱ्याची भूमिका घेतात. मग ते रक्तवाहिन्यांना बोलावतात, तंतू विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात आणि सूज उतरवतात. संशोधनात या टोकांना एम-१ आणि एम-२ अशी नावं आहेत. प्रत्यक्षात बहुतेक पेशी या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात.

यातली मोडणारी भूमिका वाईट आणि बांधणारी चांगली, असा समज बरीच वर्षं होता. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात कारा स्पिलर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की साच्यात रक्तवाहिन्या नीट रुजायला दोन्ही भूमिका लागतात. मोडणारे मॅक्रोफेज वाहिन्यांना फुटवे आणतात, नंतरचे ते पक्के करतात. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत येणारी सूज हा या कामाचाच भाग आहे. सूज उतरलीच नाही तर मात्र काळजीचं.

## जपानमधली एक मुलगी, आणि तिच्यामुळे पडलेला प्रश्न

या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट जपानमध्ये सुरू झाली. तोशिहारू शिनोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः हृदयात दोष असलेल्या चार वर्षांच्या मुलीला फुप्फुसाची धमनी बसवली. ती विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीवर मुलीच्याच शिरेतल्या पेशी वाढवून तयार केली होती. साचा दोनेक महिन्यांत जाईल आणि मागे तिची स्वतःची, तिच्यासोबत वाढणारी रक्तवाहिनी राहील, असा विचार होता. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे इतर मुलांसाठी अस्थिमज्जेतल्या पेशी वापरल्या.

सगळ्यांना वाटत होतं की आपण पेरलेल्या पेशींपासूनच नवी रक्तवाहिनी तयार होते. क्रिस्टोफर ब्रुअर आणि शिनोका यांच्या गटाने उंदरांमध्ये हे तपासलं आणि २०१० मध्ये उत्तर छापलं: पेरलेल्या पेशी काही दिवसांतच दिसेनाशा होतात. तोपर्यंत त्यांनी एक रासायनिक हाक दिलेली असते आणि ती ऐकून उंदराच्या स्वतःच्या रक्तातून मॅक्रोफेज होणाऱ्या पेशी साच्यात येतात. खरी रक्तवाहिनी या दाहाच्या वाटेनेच तयार होते.

पुढच्या प्रयोगात त्यांनी औषध देऊन उंदरांमधले मॅक्रोफेजच कमी केले. नळी अरुंद होणं थांबलं, पण नवी रक्तवाहिनीही तयार झाली नाही. उलट मॅक्रोफेज फार झाले की नळी आतून दाटून अरुंद होते. म्हणजे या पेशी नसून चालत नाही आणि भरमसाट असूनही चालत नाही.

## “मग प्रतिकारशक्ती दाबून टाकली तर?”

किडनी बदललेल्या माणसाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, हे बहुतेकांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलेलं असतं. म्हणून विरघळणाऱ्या स्क्रूसाठीही तसंच असेल अशी शंका येते. तसं नाही. परक्या माणसाच्या किडनीतल्या पेशींवर त्या माणसाची ओळख असते. ती ओळख पटवून हल्ला करण्याचं काम मुख्यतः टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) करतात. पॉलिलॅक्टिक ॲसिडवर अशी कुणाचीच ओळख नसते. म्हणून इथे रक्तगट किंवा ऊती जुळवाव्या लागत नाहीत, त्या गोळ्याही लागत नाहीत.

दाबून टाकण्याने नुकसानच होतं. ॲक्सोलॉटल नावाच्या सॅलमँडरचा (पालीसारखा दिसणारा पाण्यातला प्राणी) पाय तोडला तर तो पूर्ण परत उगवतो. ऑस्ट्रेलियात जेम्स गॉडविन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाय तोडण्याआधी त्यांच्यातले मॅक्रोफेज काढून टाकले. पाय उगवलाच नाही, व्रण तेवढा राहिला.

टी-पेशींचंही या कामात स्थान आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेनिफर एलिसेफ यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की स्नायूच्या जखमेत साचा ठेवल्यावर मॅक्रोफेजना बांधणाऱ्या भूमिकेत आणण्यासाठी टी-पेशींचा संदेश लागतो. हाडात तर आणखी एक नातेवाईक आहे. जुनं हाड खरवडणारी ऑस्टिओक्लास्ट ही पेशी मॅक्रोफेजच्याच घराण्यातली. कॅल्शियम फॉस्फेटचे साचे ती हाडासारखेच खरवडते आणि तिच्या मागोमाग नवीन हाड घालणाऱ्या पेशी येतात.

## “विरघळलेलं रसायन विषारी नाही ना?”

पॉलिलॅक्टिक ॲसिड पाण्याच्या संपर्काने हळूहळू तुटतं आणि शेवटी लॅक्टिक ॲसिड उरतं. जोर-बैठका मारल्यावर पहिलवानाच्या मांडीत तयार होतं तेच हे. शरीर त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून बाहेर टाकतं. हे लॅक्टिक ॲसिड कारखान्यात मका किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून करतात. चिकोडी, अथणी, रायबागच्या शेतकऱ्याला या रसायनाचं मूळ परकं वाटायचं कारण नाही. अर्थात शरीरात घालायच्या दर्जाची शुद्धता हे फार वेगळं आणि खर्चिक काम आहे.

अडचण विषाची नाही, वेगाची आहे. जाड स्क्रूच्या आत तयार झालेलं आम्ल बाहेर पडू शकत नाही, साठत जातं आणि त्यामुळे आतला भाग अधिकच वेगाने तुटतो. मग एके दिवशी स्क्रूचा बाहेरचा थर फुटतो आणि आम्ल व चुरा एकदम बाहेर येतो. मॅक्रोफेजना तो आवरत नाही. यासाठीच आता अनेक स्क्रूंमध्ये हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. हे फॉस्फेट आम्लाचा जोर काही प्रमाणात मारतं आणि मागे हाडाच्या कामाचं खनिज ठेवतं. मॅग्नेशियमचे विरघळणारे स्क्रूही आले आहेत. त्यांच्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे काही काळ एक्स-रेत दिसतात, तेव्हा ते पाहून घाबरू नये.

## “कुठे फसलं आहे का?”

हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

फिनलंडमध्ये ओले बोस्टमन यांनी विरघळणाऱ्या पिना, सळ्या आणि स्क्रू बसवलेल्या २,५२८ रुग्णांचा हिशेब २००० साली मांडला. १०८ जणांना जंतूंशिवाय सूज आली, काहींची जखम उघडून पाझरू लागली. त्यातले १०७ लवकर विरघळणाऱ्या पॉलिग्लायकोलिक ॲसिडचे होते आणि त्रास सरासरी अकरा आठवड्यांनी सुरू झाला. पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या ४९१ रुग्णांपैकी एकालाच त्रास झाला, तोही चार वर्षांनंतर. लवकर विरघळणं म्हणजे चांगलं, हा समज या आकड्यांनी खोटा ठरवला.

दुसरं उदाहरण हृदयाचं. ॲबट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’ या विरघळणाऱ्या स्टेंटला (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभरातली विक्री थांबवली. धातूच्या स्टेंटच्या तारा ८० मायक्रॉनच्या आसपास असताना याच्या तारा सुमारे १५० मायक्रॉन जाड होत्या. चाचण्यांत रक्ताच्या गुठळ्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसल्या. हाडात बसलेला तुकडा तुटला तर तो तिथेच हाडात राहतो. वाहत्या रक्तात अर्धवट तुटलेली तार गुठळीला निमंत्रण ठरते. एका अवयवात चाललेली वस्तू दुसऱ्या अवयवात चालेलच असं नाही, कारण तिथे येणाऱ्या पेशी आणि त्यांना मिळणारा वेळ वेगळा.

गुडघ्याच्या स्क्रूबद्दल माझं मत विचाराल तर, लिगामेंटच्या ऑपरेशनमध्ये धातू आणि विरघळणारा यांच्यात गुडघा किती चांगला चालतो याचा मोठा फरक दिसलेला नाही. विरघळणाऱ्याचा फायदा असा की पुढे एमआरआय स्वच्छ निघतो आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर जुना स्क्रू उकरावा लागत नाही. उलट बाजूला, बसवताना तो तुटण्याची शक्यता जास्त असते आणि गुडघ्यात पाणी होण्याच्या तक्रारीही जास्त आढळतात. महाग म्हणून तो चांगला, असं समजू नये.

## “हे प्राण्यापासून केलेलं असतं का?”

आपल्या भागात जैन शेतकरी आहेत, माळकरी वारकरी आहेत, मुस्लिम आहेत. त्यामुळे हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक ॲसिड प्राण्यापासून येत नाहीत. पण कॅटगट, आणि जखमेवर, हिरड्यांत किंवा हाडात वापरले जाणारे कोलॅजनचे पडदे व स्पंज बहुधा गाय, डुक्कर किंवा माशापासून केलेले असतात. त्यातल्या प्राण्याच्या पेशी धुऊन काढतात आणि फक्त तंतूंची जाळी ठेवतात. पेशी नीट निघाल्या तर मॅक्रोफेज लवकर बांधणाऱ्या भूमिकेत जातात. अवशेष राहिले तर दाह लांबतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून तयार केलेल्या अशाच एका जखमेच्या आवरणाला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. भाजलेल्या जागा आणि मधुमेहाच्या जखमा यांसाठी ते मोलाचं आहे. रुग्णाला काय चालेल ते रुग्णाने ठरवावं, पण त्यासाठी आधी विचारावं लागेल. ‘हे कशापासून बनलंय?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारला तर बहुतेक वेळा पर्याय देता येतो.

## आता संशोधन कुठे चाललंय

पूर्वी ध्येय असं होतं की शरीराला इम्प्लांटची चाहूलच लागू नये. आता साचाच असा घडवतात की पेशींनी हवं तसं वागावं. वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटाला असं दिसलं की साच्यातली छिद्रं एकसारखी गोल आणि ३० ते ४० मायक्रॉनची ठेवली, म्हणजे एखादा मॅक्रोफेज जेमतेम मावेल एवढी, तर साच्याभोवतीचं तंतूंचं कवच पातळ होतं आणि आत रक्तवाहिन्या भरपूर येतात. तेच रसायन, फक्त छिद्राचं माप वेगळं. स्पिलर यांच्या गटाने असे साचेही केले आहेत जे आधी मोडण्याचा संदेश देतात आणि काही दिवसांनी बांधण्याचा. यातलं बरंच काम अजून उंदरांपुरतं आहे.

## डॉक्टरांना काय सांगायचं

मधुमेह असेल तर मॅक्रोफेज मोडणाऱ्या भूमिकेतच अडकून राहतात. जखमा चिघळतात त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही साखर आटोक्यात ठेवण्याला स्क्रूच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्व आहे. तंबाखू हाड जुळणं लांबवते. निपाणीच्या पट्ट्यात, जिथे तंबाखू शेतातही आहे आणि विडीच्या रूपाने हातातही, हे घरात स्पष्ट बोललं पाहिजे. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये आणि लपवूही नये. दुखण्यावर कुणी दिलेल्या विनालेबलच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं, त्यांच्याबद्दलही सांगावं.

डिस्चार्जच्या कागदांवर इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं असतं. त्यावर नाव, पदार्थ आणि बॅच नंबर असतो. ते जपून ठेवावं. ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा पू आला तर केव्हाही लगेच दाखवावं. सगळं बरं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, किंवा काही वर्षांनीही, त्याच जागी सूज आली किंवा पाझर सुरू झाला तर ते स्टिकर घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जावं. तो जंतुसंसर्ग असेल किंवा विरघळणाऱ्या स्क्रूवरची उशिराची प्रतिक्रिया असेल. पाझर तपासायला दिल्याशिवाय यातलं काय ते ठरत नाही, म्हणून तपासणीच्या आधी मेडिकलमधून आणून अँटिबायोटिक सुरू करू नये.